वरचं ठेवायचं की खालचं?

धुळ्यातल्या एका शाळेत प्रयोगशाळा परिचर म्हणून रुजू झाले तेव्हा पदरात बी.ए.ची पदवी होती आणि रसायनशास्त्राशी संबंध दहावीनंतर सुटलेला. सर म्हणाले, "ताई, मुलांना दोन क्षार करून दाखवायचेत. एक विरघळणारा, एक न विरघळणारा." क्षार म्हटल्यावर मला पापडखारापलीकडे काही सुचेना.

आधी मोरचूद. सौम्य सल्फ्युरिक ॲसिड गरम करून त्यात काळी कॉपर ऑक्साईडची पूड चिमूटचिमूट टाकत गेले. द्रावण सुरेख निळं झालं. पण तळाशी काळा गाळ राहायला लागला तरी सर "अजून थोडी" म्हणतच होते. जास्तीची पूड गाळून काढता येते, जास्तीचं ॲसिड कशाने गाळणार, हे नंतर उमगलं. फिल्टर पेपरवरचं काळं फेकलं, खालचं निळं ठेवलं. तेही पूर्ण आटवायचं नाही. काचेची कांडी बुडवून बाहेर काढली की तिच्यावर कण धरतात, तेव्हा बर्नर बंद. मग थंड होऊ द्यायचं, सावकाश खडे धरतात. नुसतं तापवतच राहिलं तर खड्यातलं पाणी उडून पांढरी पूड उरते.

मग कॅल्शियम कार्बोनेट. कॅल्शियम क्लोराईड आणि सोडियम कार्बोनेट, दोन्ही पाण्यासारखी नितळ द्रावणं. एकत्र ओतली आणि क्षणात पांढरंफटक! आता मात्र वरचं ठेवायचं, खालचं फेकायचं. वर ते डिस्टिल्ड वॉटरने धुवायचं, कारण खालचं खारं पाणी त्याला चिकटलेलं असतं. मोरचुदाचे खडे असे धूत बसलं तर हाती काय उरणार?

मी विचारलं, कॅल्शियम सल्फेट हवं असेल तर संगमरवराच्या खड्यांवर सल्फ्युरिक ॲसिड ओतलं की झालं ना? सर म्हणाले, "ओतून बघा." फसफसलं आणि बघता बघता थंडावलं. ॲसिड शिल्लक, खडेही शिल्लक, तरी भांडण मिटलेलं! तयार झालेलं कॅल्शियम सल्फेट फारसं विरघळत नाही, त्याचाच लेप खड्यावर बसला होता. म्हणून तेही दोन द्रावणं मिसळूनच करतात. सरांनी एक यादी पाठ करायला लावली. सोडियम, पोटॅशियम, अमोनियमचे नेहमीचे क्षार विरघळतात, नायट्रेट तर सगळीच. सल्फेटांत बेरियम, शिसं आणि कॅल्शियमला जपायचं.

सुट्टीत रावेर तालुक्यात मामांकडे गेले. केळीच्या बागेला ठिबक आहे. मामा कॅल्शियम नायट्रेट सोडतात त्या दिवशी टाकीत सल्फेटचं कुठलंही खत घालत नाहीत. "गाळ धरतो, ड्रीपर चोंदतात." सरांची यादी मामांना ऐकवली, त्यांनी फक्त मान हलवली. बोअरच्या जड पाण्याने ड्रीपरमध्ये पांढरा थर बसतो. त्यासाठी ते नळ्यांतून पातळ केलेलं हायड्रोक्लोरिक ॲसिड सोडतात, थोडा वेळ मुरू देतात आणि लाइन धुऊन काढतात. थरातल्या कार्बोनेटचं कॅल्शियम क्लोराईड होतं आणि ते पाण्याबरोबर निघून जातं. मी मोठ्या उत्साहाने वहीत समीकरण मांडून दाखवलं.

मामा म्हणाले, "ते ठीक आहे पोरी. पण ॲसिड पाण्यात ओतायचं, पाणी ॲसिडात नाही, एवढं शिकवलं ना तुला?"