बाहेरकाठा कोणी घातला?

आमच्या जोह्याच्या खारेपाटात चार माणसं बांधावर बसली की एक वाद हटकून निघतो, ही खार पहिली बांधली कोणी? ज्याला विचाराल तो आपल्याच पणज्याचं नाव घेतो. आमच्या घरातही तेच चालत आलंय. म्हणून या उन्हाळ्यात कागद काढले.

खाडीच्या तोंडावर गाव वसवायचं म्हणजे आधी पाणी अडवायचं. हे काम अंगावर घेई तो शिलोत्रीदार. समुद्राकडचा बाहेरकाठा आणि उघाडी सांभाळायची त्याने, आत भात पिकवायचं कुळांनी, आणि साऱ्याशिवाय त्याला बिघ्यामागे 'शिलोत्री मण' द्यायचा तो त्या काठ्याच्या डागडुजीसाठी. 1883 च्या कुलाबा गॅझेटिअरात हे सगळं आहे. पुढे कित्येकांनी मण घेतला आणि काठ्याकडे पाठ फिरवली, खांड पडली की चिखल उचलायला कुळंच. 1955 च्या कायद्याने हे हक्क रद्द झाले.

आता आमचं. 7/12 वरून फेरफार, त्यावरून त्याच्या आधीचा, असं मागे मागे गेलो. जन्ममृत्यूची जुनी नोंद, म्हणजे कोतवाल बुक, मोडीत. ते एका निवृत्त गुरुजींकडून वाचून घेतलं. खापरपणजोबा सापडले, पण 'कुळ' म्हणून! शिलोत्रीदार दुसराच, त्याचे वारस केव्हाच गाव सोडून गेलेले. जमीन आमच्या नावावर आली ती आजोबांच्या वेळी, 32-ग खाली, कुळकायद्याची किंमत भरून. मला त्याचं वाईट वाटलं नाही. आजी म्हणायचीच, "कागूद त्याचा, माती आपली."

खरी गोम पुढच्या फेरफारात. आजोबा 1956 नंतर वारले, म्हणजे हिंदू वारसा कायदा लागू झालेला. तरी वारस म्हणून नोंद फक्त तिघा मुलांची. दोन आत्यांचं नाव नाही, हक्कसोड नाही, अंगठासुद्धा नाही. थोरली आत्या गेली. धाकटी सांगते, लग्नाआधी उधाणाच्या रात्री खांड पडली तेव्हा कंदिलाच्या उजेडात तिने डोक्यावरून चिखलाची ढेपळं वाहिली. त्याच शेतात आज आम्ही पनवेल-3 लावतो.

हे आत्ताच का काढलं, असं चुलतभाऊ विचारतात. उघाडीची फळी कुजलीय म्हणून. खारं पाणी आत आलं की दोन-तीन पावसाळे धुपल्याशिवाय जमीन गोडी होत नाही, आणि पंचनाम्यात नावं लागतात 7/12 वरचीच. उद्या भरपाई असो की भूसंपादन, आत्या कागदावर नसली तर ती कुठेच नाही. एक चुलतभाऊ गणपतीच्या कारखान्यात असतो, तो महिनाभर बोलत नाहीये. माघी गणपतीला बघू.

तुमच्याकडे आजोबांच्या मृत्यूनंतरचा फेरफार असेल तर तो काढा आणि त्यात मुलींची नावं आहेत का बघा. नसतील तर वंशावळीचं प्रतिज्ञापत्र, मृत्यूचे दाखले जोडून तलाठ्याकडे अर्ज द्या आणि पोच घ्या. हरकत आली तर प्रकरण वर जातं, वेळ लागतो. माझा अर्ज तयार आहे. थोरल्या आत्याच्या मुलांनी सह्या केल्या, धाकटीची घ्यायला रविवारी जातोय.