जात्यावरची बैठक

गाण्याची बैठक म्हटली कीं गादी, लोड, तंबोऱ्यांची जोडी आणि ‘वाहवा’ म्हणण्यास टपून बसलेली मंडळी हें चित्र आमच्या मनांत पक्कें बसलेलें आहे. एकट्या गवयाची बैठक म्हटली तरी तबलजी व पेटीवाला त्यांत गृहीतच असतात. परंतु साथीवांचून, श्रोत्यांवांचून, फार तर समोरच्या जावेला ऐकूं जाईल इतक्या आवाजांत गाइलेलें गाणें महाराष्ट्रांत पिढ्यान् पिढ्या रोज पहांटे होत आलें, आणि त्याचीं तिकिटें कधीं निघालीं नाहींत. पिठाची गिरणी गांवोगांव आली आणि तें बंद पडलें. बायांच्या दंडांना विसांवा मिळाला हें उत्तमच झालें; त्याबद्दल हळहळणाऱ्या पुरुषांनीं आधीं पायलीभर दळून पाहावें.

हें गाणें बैठकींत ऐकण्याचा योग आम्हांस कर्जत तालुक्यांत आला. कर्जतहून कोंढाण्याच्या लेण्यांकडे जी वाट जाते तिच्या आसपास हल्लीं मुंबईकरांनीं शेतघरें बांधिलीं आहेत. अशाच एका घरीं आम्ही सातआठ मंडळी जमलों होतों. गाणार होत्या शेजारच्या वाडींतल्या, सत्तरी ओलांडलेल्या एक आजी. माहेर घाटावर, राजमाचीच्या अंगाला. लग्न होऊन घाट उतरल्या त्या ओव्यांचें गांठोडें बरोबर घेऊनच. यजमानांनीं त्यांना खुर्ची दिली, समोर ध्वनिमुद्रणासाठीं फोन ठेवला आणि सुरुवात करण्याची विनंति केली. आजी बराच वेळ गप्प. शेवटीं म्हणाल्या, “जातं कुठं हाय? हात रिकामा ठेवून कसं म्हनू, बाबा?”

जातें होतें, पण बागेंत; त्यावर शोभेच्या झाडाची कुंडी. तें उचलून आणलें, धुतलें, पुसून पडवींत मांडलें. आजींनीं दगडावर तळवा फिरवला व मान हलवली. कित्येक वर्षांत त्याला टाकी लागलेली नव्हती. पीठ पडायचें नाहीं, भरड पडेल, असा त्यांचा अभिप्राय. तरी तांदूळ मागवले, पदर खोचला, एक पाय लांब केला आणि खुंटा धरला.

पहिल्या दोन ओव्या देवाच्या. त्या जरा बुजऱ्या झाल्या. मग दगडाला गति आली, घरघरीचा एक स्थिर सूर लागला, आणि येथें तंबोऱ्याचें काम कोण करतें तें आम्हांस उमगलें. ताल हाताचा. खुंटा पुढें ढकलतांना ओळ चढे, मागें ओढतांना उतरे. मूठभर घास घालण्यापुरता हात थांबे तेथें ओवीहि थांबे. सीतेचा वनवास आला, तो रामायणांतला कमी व नांदावयास आलेल्या सुनेचा अधिक. विठ्ठल आला तो घरच्या पाहुण्यासारखा. आवाज गोड होता असें म्हणतां येणार नाहीं. वरच्या पट्टींत तो चिरके. पण एकहि ओळ सजविण्याचा मोह त्यांना झाला नाहीं, आणि हा संयम आम्हीं नांवाजलेल्या गवयांतहि क्वचितच पाहिला आहे. चारपांच ओव्या झाल्यावर त्या आमच्याकडे पाहीनाशा झाल्या. आमच्या मतें बैठक खरी तेथून सुरू झाली. कोणीसें सवयीनें टाळ्या वाजविल्या, तों खुंटा अडखळला. पुन्हां कोणी वाजविल्या नाहींत.

मध्यें चहा झाला, आणि चहाबरोबर वाद. एका गृहस्थांचें म्हणणें, कामापासून तोडलेलें गाणें म्हणजे कुंडींत लावलेला वड. तें टिपून ठेवण्यांत काय अर्थ? दुसऱ्यांनीं अमेरिकेंतल्या जॉन लोमॅक्सचा दाखला दिला. हा गृहस्थ १९३३ सालीं मुलगा अ‍ॅलन यास घेऊन, मोटारींत ध्वनिमुद्रणाचें यंत्र घालून, तुरुंगांतल्या कैद्यांचीं गाणीं टिपीत हिंडला. आपल्याकडे हेमा रायरकर व गी प्वातवँ यांनीं सहकाऱ्यांसह हजाराहून अधिक गांवांतून लाखाहून अधिक ओव्या जमविल्या, आणि २०१७ पासून त्या ‘पारी’च्या संकेतस्थळावर येऊं लागल्या. “आणि इर्शाळवाडी विसरलां काय?” ते म्हणाले. १९ जुलै २०२३ च्या रात्रीं खालापूर तालुक्यांत ठाकरांच्या त्या वाडीवर दरड कोसळली. २७ देह मिळाले, ५७ माणसें मिळालींच नाहींत. तोंडीं असलेलें गाणें अशा रात्रीं माणसाबरोबरच जातें, तें मागाहून कोणत्या कागदांत शोधावयाचें? ह्यावर कोणी बोललें नाहीं. आमचा कल ह्या दुसऱ्या गृहस्थांकडेच आहे. मात्र फोनांत सांठविलेली ओवी आणि दुसऱ्याच्या तोंडीं गेलेली ओवी ह्या आम्ही एक समजत नाहीं.

आजी पुन्हां बसल्या. त्यांना घरीं नेण्यासाठीं त्यांची नात आली, महाविद्यालयांत शिकणारी, ती दारांतच उभी राहिली. आजीला गातांना तिनें कधीं ऐकलें नव्हतें. तिच्या जन्मापूर्वींच घरचें दळण गिरणींत जाऊं लागलें होतें. आजींनीं न थांबतां मानेनेंच समोरची जागा दाखविली. मुलगी संकोचत बसली. खुंट्यावर दुसरा हात पडला तसा दगड हलका फिरूं लागला. पुढच्या ओवींत, जेथें लेकीचें नांव घालावयाचें तेथें, आजींनीं नातीचें घातलें. मुलगी हंसली, आणि हंसतां हंसतां एकदम गप्प झाली. थोड्या वेळानें तिनें ओळीचा शेवटचा शब्द आजीबरोबर उचलला, सूर चुकवून. आजींनीं तीच ओवी पुन्हां घेतली.

सुपांतले तांदूळ संपले होते. यजमानीणबाई आणखी मापभर आणावयास आंत गेल्या.