उष्टावणीच्या आधी

सोमवार, ८ जुलै
वन्संचं तोंड आलंय. सासूबाईंनी लगेच त्यांचं ताट-भांडं वेगळं काढलं. खरं तर गालाच्या आत किंवा जिभेच्या कडेला येणारे हे साधे व्रण कुणाकडून कुणाला लागत नाहीत. दाताखाली गाल चावला गेला, बी-१२ किंवा लोह कमी पडलं, जागरणं झाली की ते येतात. इकडे बेसिनवरच्या एका कपात सगळ्यांचे ब्रश मात्र एकमेकांना चिकटून उभे! ते सुटे करून उभे वाळत ठेवले.

बुधवार, १० जुलै
दादाचा फोन आला. उष्टावणीला मामा हवाच, पण त्याला ताप येऊन गेला नि ओठाच्या कडेला जर फुटलाय. हा मात्र लागतो. हर्पिसचा हा विषाणू जगातल्या पन्नाशीच्या आतल्या जवळपास दोन तृतीयांश लोकांच्या अंगात असतो. एकदा शिरला की चेतापेशींत दबून राहतो. ताप, ऊन, दगदग झाली की वर येतो. पहिल्या महिन्यातल्या बाळाच्या तर तो जिवावर बेतू शकतो. आमचं बाळ सहा महिन्यांचं असलं, तरी दादाला बजावलं : खपली पडून कातडी नीट होईपर्यंत पापी नाही, टॉवेल वेगळा, मलम लावल्यावर हात धुवायचे, डोळे चोळायचे नाहीत. उष्टावण पुढे ढकलली.
"मुहूर्त काढलाय गं," सासूबाई म्हणाल्या.
"दुसरा काढू, आई."

रविवार, १४ जुलै
बाळाच्या जिभेवर नि गालांच्या आत पांढरे चट्टे. दूध असतं तर ओल्या फडक्याने निघालं असतं. डॉक्टर म्हणाले, कॅन्डिडा, म्हणजे बुरशी. बाळाच्या तोंडात औषध, मला स्तनाग्रांवर मलम. एकट्यावर उपचार केले तर ती दुसऱ्याकडून परत येते. बाळाचं चोखणं रोज उकळतेय. सासूबाईंची कवळी रात्रीही तोंडातच असते. तिच्याखालीही हीच बुरशी वाढते. आजपासून ती रात्री काढून, घासून पाण्यात ठेवायची.

शनिवार, २० जुलै
किडलेली दाढ भरून आले. दात किडवणारे स्ट्रेप्टोकोकस म्युटन्स हे जंतू १९२४ सालापासून माहीत आहेत. बाळाला ते मुख्यतः घरच्यांच्या, बऱ्याचदा आईच्या, लाळेतून मिळतात. म्हणून घास चावून भरवणं, खाली पडलेलं चोखणं स्वतः चोखून देणं बंद. पण नुसता चमचा वेगळा ठेवून भागत नाही. मोठ्यांनी आपले दात दुरुस्त करून घ्यावेत, रात्री ब्रश करावा, बाळाला साखरेची चटक लावू नये.

रविवार, २८ जुलै
उष्टावण झाली. दादाचा ओठ स्वच्छ, बाळाची जीभ गुलाबी. मामाने हात धुऊन भरवलेली खीर बिनसाखरेची होती. सासूबाईंना ती खीर वाटलीच नाही. आलेल्यांना जे सांगितलं तेच इथे लिहून ठेवते : तोंड आलेल्या माणसाला पंगतीतून उठवू नका, पण ओठावर जर फुटला असेल, तर कितीही जीव असला तरी बाळाची पापी घेऊ नका.