कन्हारीत चालणारं मडगार्ड

जवाहरनगरच्या आसपास सायकल चालवायची असेल, तर आधी माती पाहावी आणि मग मडगार्ड निवडावं, असं माझं पक्कं मत झालं आहे. डांबरी रस्त्यावर नुसतं पाणी उडतं आणि ते बहुतेक कुठल्याही मडगार्डाने अडतं. पण राष्ट्रीय महामार्ग 53 सोडून (जुनी माणसं त्याला अजूनही सहा नंबरच म्हणतात) सावरी, परसोडी, शहापूरकडच्या एखाद्या पांदणीला चाक लागलं, की प्रश्न पाण्याचा राहत नाही. टायर आणि मडगार्ड यांच्यामध्ये जाऊन बसणाऱ्या मातीचा होतो.

आमच्या भंडारा जिल्ह्यात मातीची नावं शेतकरी सहज सांगतो. कन्हार काळी आणि चिकट, मोरांड मधली, सिहार पिवळसर आणि रेताड, बरडी मुरमाड. सिहारीतून सायकल निघते, बरडीत तर पावसातही अडत नाही. कन्हार मात्र टायरला धरते. तीत तणसाच्या काड्या मिसळल्या की वीटभट्टीवर मळलेल्या गाऱ्यासारखी घट्ट होते, आणि मडगार्डाखाली एकदा बसली की चाक फिरूच देत नाही. जुलैत धानाची रोवणी सुरू झाली म्हणजे शेताबाहेरच्या रस्त्याचीही तीच गत. बांधीत चिखलणी करून केजव्हीलचे ट्रॅक्टर तसेच डांबरावर येतात आणि पार गावापर्यंत मातीचे लोंदे टाकत जातात.

लांबच्या प्रवासासाठी मी जी सायकल घेतली, ती मडगार्डाशिवायच आली. हल्ली अशाच येतात. सातशे सीचं चाक, 35 मिलिमीटर रुंदीचं टायर, डिस्क ब्रेक, मागे कॅरिअर. पुढच्या चिमट्याला आणि मागच्या त्रिकोणाला बोल्टसाठी आटे पाडलेली छिद्रं होती, ही मोठीच सोय. सायकल घेताना रंग आणि गिअर पाहण्याआधी ही छिद्रं आहेत का ते पाहावं, असं मी आता सगळ्यांना सांगतो. ती नसली तर पुढे सगळा कारभार पट्ट्या आणि क्लिपांवर चालतो.

मडगार्डांचे प्रकार पाहायला लागलो तेव्हा एक गोष्ट लगेच लक्षात आली. सीटच्या नळीला चिमट्यासारखं अडकवायचं छोटं प्लास्टिकचं पान आपल्या कामाचं नाही. ते पाठीवरची रेघ वाचवतं, पण कॅरिअरच्या पिशव्या भिजतात आणि चेनवर सगळी माती येते. पूर्ण लांबीचं मडगार्डच हवं. त्यात तीन जाती: प्लास्टिक, अॅल्युमिनिअम आणि लोखंडी पत्रा. प्लास्टिक हलकं असतं, खडखडत नाही, पण आमच्याकडे मे महिन्यात पारा 45 अंशांच्या आसपास जातो, आणि असे काही उन्हाळे काढल्यावर प्लास्टिक कडक होऊन ठिसूळ होतं. अॅल्युमिनिअम दिसायला सुरेख, पण खडबडीत रस्त्यावर सतत हादरे बसले की जिथे पट्टी रिबेट केलेली असते तिथून चीर जाते. लोखंडी पत्रा जड आणि गंजणारा. मात्र वाकला तर हाताने सरळ होतो, कुठल्याही गावात त्याला वेल्डिंग मिळतं, आणि त्यावर रंग टिकतो.

पुस्तकी हिशोब असा, की 35 च्या टायरला 45 मिलिमीटर रुंदीचं मडगार्ड घ्यावं आणि मध्ये अर्ध्या-पाऊण बोटाची फट ठेवावी. फट जितकी कमी तितकं पाणी नीट अडतं आणि सायकल देखणी दिसते. युरोपातल्या डांबरावर हे बरोबर आहे. मी रोवणीच्या दिवसांत बांधावर टेकवलेल्या सायकली मुद्दाम थांबून पाहायला लागलो. कुणाच्या पुढच्या चाकाचं मडगार्ड काढूनच टाकलेलं, कुणाचं वरच्या बाजूला ताणून बांधलेलं. पऱ्ह्यांच्या जुड्या कॅरिअरला बांधून धुऱ्यावरून सायकल ढकलत नेणाऱ्या माणसाला देखणेपणाशी कर्तव्य नसतं. त्याच्या काळ्या, 28 इंची सायकलीत टायर आणि मडगार्ड यांच्यात इतकी ऐसपैस जागा असते की चिखल आत येतो, चाकाबरोबर फिरतो आणि मागून खाली पडतो. मला तेच हवं होतं.

या काळ्या सायकली मी लहानपणापासून पाहत आलो. इथली आयुध निर्माणी साठच्या दशकातली, आणि वसाहत तिच्यासाठीच वसलेली. शिफ्ट सुटली की सायकलींचा लोंढा क्वार्टरांकडे वळायचा. भर पावसातही कामगारांच्या पँटच्या पायांवर फारसा चिखल नसायचा, कारण पुढच्या मडगार्डाच्या टोकाला रबराची जाड झूल लोंबत असे. चालत्या चाकावरचं पाणी स्पर्शरेषेत सुटतं. पुढच्या चाकाचं पाणी त्यामुळे थेट पायांवर, पायडलच्या बेअरिंगवर आणि चेनवर येतं. म्हणून पुढच्या मडगार्डाचं मागचं टोक जमिनीपासून जेमतेम वीतभर उंचीवर यावं लागतं. नव्या मडगार्डांत नेमकं तेच आखूड ठेवलेलं असतं, याचं मला वाईट वाटतं.

इथल्या ठाणा गावातल्या पेट्रोल पंपाजवळ माझे ओळखीचे मिस्त्री आहेत. त्यांच्या हातांनी ज्या पिढीच्या सायकली दुरुस्त केल्या ती पिढी आता मोटरसायकलवर गेली, पण दुकानाच्या मागच्या भिंतीवर जुनी मडगार्डं अजून टांगलेली आहेत. मी मागवलेला प्लास्टिकचा जोड त्यांना दाखवला. त्यांनी तो टायरवर ठेवून पाहिला, टायर आणि मडगार्ड यांच्यामधून अंगठा फिरवायचा प्रयत्न केला, आणि म्हणाले, "भाऊ, अंगठा फिरत नाई. अंगठा फिरला पायजे, तवाच कन्हार बाहेर पडते."

"मग यातलं कुठलं बसेल, काका?" मी भिंतीकडे बोट दाखवलं.

"बसवून पाहू नं. बसत नाई म्हणाले काय कोनी?"

इथे मापांचा एक मजेदार योग आहे. आपल्या जुन्या 28 इंची सायकलीच्या रिमवर टायर बसतं तिथला व्यास 635 मिलिमीटर, आणि माझ्या सातशे सीच्या चाकाचा 622. म्हणजे त्रिज्येत साडेसहा मिलिमीटरचा फरक. शिवाय जुन्या सायकलीचं टायर माझ्या टायरपेक्षा जाड. 635 साठी वाकवलेलं मडगार्ड 622 च्या चाकावर बसवलं की गोलाई जवळजवळ जुळते आणि फट मात्र आपोआप वाढते. दोन वेगळ्या काळांतली मापं असूनही ती आमच्या मातीच्या उपयोगी पडली. डिस्क ब्रेक असल्यामुळे टायरच्या डोक्यावर ब्रेकचा सांगाडा नव्हता, तिथेही जागा होती.

मागच्या चाकाला लोखंडी मडगार्ड लावायचं ठरलं. खरं काम त्यानंतर सुरू झालं.

पहिली अडचण रुंदीची. मागचा त्रिकोण पायडलकडे निमुळता होत जातो, आणि जुनं मडगार्ड तिथून जाईना. मिस्त्रीकाकांनी लाकडाचा गोल ठोकळा मडगार्डाच्या पोटाखाली घेतला, नळ्या जिथे येतात तिथे खडूने खूण केली, आणि दोन्ही कडा हातोडीने हळूहळू आत दाबल्या. एका ठोक्यात पत्रा फाटतो, म्हणून पन्नास हलके ठोके. दोन्ही बाजूंना अर्धचंद्रासारखा खोलगटा आला आणि मडगार्ड नळ्यांच्या मधोमध सरकलं.

दुसरी अडचण तारांची. जुन्या सायकलीत मडगार्डाच्या तारेला मोठं कडं असतं आणि ते थेट चाकाच्या आसावर, नटाखाली बसतं. म्हणूनच मागचं चाक काढायचं म्हटलं की मडगार्डही सैल होतं, आणि म्हणूनच आपले पंक्चरवाले चाक न काढता टायरच्या एका बाजूने ट्यूब बाहेर ओढून ठिगळ लावतात. माझ्या सायकलीत तार आसावर नको होती. 5 मिलिमीटरच्या बोल्टवर, फ्रेमच्या छिद्रात हवी होती, म्हणजे प्रवासात चाक काढलं तरी मडगार्ड जागचं हलणार नाही. काकांनी कडं कापलं, तारेचं टोक वाइसमध्ये धरून बोल्टभोवती नवा डोळा वळवला. उजव्या आणि डाव्या तारेची लांबी वेगळी निघाली, कारण डाव्या बाजूला डिस्क ब्रेकचा कॅलिपर आडवा येतो. तिथे तार बाहेर घ्यायला दीड सेंटिमीटरचा स्पेसर लागला. भंडारा पितळी भांड्यांचं गाव, पितळी नळीचा तुकडा मिळायला काहीच त्रास पडला नाही. तो कापून, घासून बसवला.

आता सगळ्यांत बारीक गोष्ट. उजव्या बाजूच्या त्याच छिद्रात कॅरिअरचा पायही येतो. भार कॅरिअरवर असतो, म्हणून त्याचा पाय फ्रेमला चिकटून आणि मडगार्डाची तार त्याच्या बाहेर. पण मग बोल्ट लांब घ्यावा लागतो, आणि लांब बोल्टचं टोक आतून निघालं तर चेन सर्वांत लहान चकतीवर आली की त्याला घासते. उभ्या सायकलीत हे कळत नाही. सायकल स्टँडवर घेऊन, चेन शेवटच्या गिअरला आणून, पायडल उलटसुलट फिरवून पाहिलं तेव्हा बारीक टिकटिक ऐकू आली. बोल्ट काढून कानशीने दोन आटे घासले. टोक फ्रेमच्या पातळीला आलं आणि आवाज थांबला. डाव्या बाजूला आतून नायलॉनचा नट लावता आला, उजव्या बाजूला तेवढी जागा नाही, तिथे स्प्रिंग वायसर. प्रत्येक जोडावर जुन्या ट्यूबमधून कापलेले रबरी वायसर घातले. लोखंडी मडगार्ड खडखडतं अशी तक्रार लोक करतात. हे वायसर घातले की ती तक्रार उरत नाही.

पुढच्या चाकाचं मात्र माझं आणि काकांचं जमलं नाही. त्यांना तिथेही लोखंडीच हवं होतं. मी प्लास्टिकचं ठेवलं, आणि त्याचं कारण जिवाशी निगडित आहे. पुढच्या चाकात बाभळीची फांदी किंवा जाड काडी शिरली आणि ती मडगार्डाखाली ओढली गेली, तर मडगार्ड घडी होऊन चाक जागच्या जागी थांबतं आणि माणूस हँडलवरून पुढे फेकला जातो. चांगल्या प्लास्टिकच्या मडगार्डांच्या पुढच्या तारांना यासाठी सेफ्टी क्लिप असते. जोराचा ताण आला की तार क्लिपमधून सुटते आणि चाक फिरत राहतं. कुणी मला पुढचं मडगार्ड घेताना काय पाहावं असं विचारलं, तर मी ही क्लिप पहिल्यांदा सांगतो. फट वाढवायला मी त्याच्या तारा पूर्ण लांबीच्या ठेवल्या, न कापता, आणि चिमट्याच्या डोक्याखाली एक पट्टी घालून ते वर उचललं. टोकाला ट्रॅक्टरच्या ट्यूबची झूल लावली.

पावसाळ्यात अंभोऱ्याला गेलो तेव्हा या सगळ्याची परीक्षा झाली. वैनगंगा, कन्हान, आम, मुरझा आणि कोलारी या पाच नद्या तिथे एकत्र येतात. चैतन्येश्वराचं देऊळ आहे आणि मुकुंदराजांनी विवेकसिंधू तिथे लिहिला अशी परंपरा आहे. 2023 मध्ये नवा केबलचा पूल खुला झाल्यापासून भंडाऱ्याकडून थेट जाता येतं. मुख्य रस्ता चांगला आहे, पण मी मुद्दाम गावागावांतून, धानाच्या बांध्यांच्या कडेने गेलो. एका ठिकाणी रस्ता संपून नुसती कन्हार होती. सायकल ढकलताना मागचं चाक पाहत होतो. माती टायरला धरून वर गेली, मडगार्डाच्या पोटात थोडी घासली, आणि मागच्या टोकातून लोंदा होऊन खाली पडली. असं दर काही फेऱ्यांनी होत राहिलं. चाक जड झालं, पण अडलं नाही. कॅरिअरला एक तुराटी बांधलेली असते, तिने मधूनच त्रिकोणाजवळचा चिखल काढला. तिथे खोलगटा पाडल्यामुळे फट थोडी कमी आहे, आणि अडकायचं तर तिथेच अडकतं. पुढे डांबर लागल्यावर पिशव्या तपासल्या, आतले कपडे कोरडे होते.

परतताना संध्याकाळ झाली. महामार्गावर ट्रकची रांग नेहमीचीच. लोखंडी मडगार्ड घ्यायचं आणखी एक कारण इथे उपयोगी पडलं. जुन्या सायकलींच्या मागच्या मडगार्डाचं खालचं टोक पांढरं रंगवलेलं असायचं आणि मध्ये लाल काच. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनमध्ये दिवे बंद ठेवायच्या रात्रींत मागच्या मडगार्डावर असा पांढरा पट्टा सक्तीचा होता. मी पांढऱ्या तेलरंगाचे दोन हात दिले आणि वर लाल रिफ्लेक्टर बसवला. बॅटरीचा दिवा बंद पडला तरी हे टोक मागच्या गाडीच्या उजेडात चमकतं. आमच्या महामार्गावर प्रत्येक सायकलीला हे असायला हवं, असं मला मनापासून वाटतं. त्याला खर्चही नगण्य आहे.

आता मृग लागायच्या आधी मी सगळे बोल्ट पाहतो, झूल फाटली असेल तर बदलतो, पत्र्याच्या पोटाला आतून ग्रीसचा पातळ हात देतो. चिखल तिथे मग धरत नाही. मिस्त्रीकाकांनी पुढच्या लोखंडी मडगार्डाचा हट्ट सोडलेला नाही. प्लास्टिकच्या मडगार्डाची सेफ्टी क्लिप पत्र्याला बसेल अशी एक पट्टी त्यांनी कापून ठेवली आहे. धानाची कापणी आटोपली, त्यांना सवड मिळाली, की ती लावून, चाकात मुद्दाम काडी घालून, तार खरंच सुटते का ते दोघं मिळून पाहणार आहोत.