निशातगंजच्या पुलावर, पाय पसरून

निशात म्हणजे आनंद. पण लखनौच्या निशातगंजात सकाळी नऊच्या सुमारास उभे राहिलात, तर हा आनंद नेमका कुठे दडलाय असा प्रश्न पडावा. इथल्या गल्ल्या नंबरांनी ओळखल्या जातात. पहिली गल्ली, दुसरी गल्ली, तिसरी... त्यांतून स्कूटर, बॅटरी रिक्षा आणि सायकली बाहेर पडतात आणि बहुतेकांना गोमतीवरचा पूलच गाठायचा असतो. पलीकडे सिकंदरबाग, त्यापुढे हजरतगंज. अंतर तीनेक किलोमीटर. ‘पहले आप’ची लखनवी अदब पुलाच्या अलीकडेच संपते!

या गर्दीत सायकलवाला लगेच ओळखू येतो. हँडलला जेवणाचा डबा, कॅरियरला अवजारांची पिशवी. रंगारी, सुतार, चौकीदार, दुकानातली पोरे. यांना सायकलची हौस नाही. रिक्षाचे दोन वेळचे पैसे वाचतात, एवढेच. चढ लागला की ते सीटवरून उठतात आणि सारे वजन पेडलवर टाकतात.

परदेशात काही हौशी मंडळी आरामखुर्चीसारख्या सायकलवरून ऑफिसला जातात. तिला रिकम्बंट म्हणतात. पाठ टेकायची, पाय पुढे पसरायचे आणि समोरची पेडल मारायची. मनगटावर भार नाही, मान अवघडत नाही. शिवाय शरीर आडवे असल्याने वाऱ्याचा अडथळा कमी होतो. 1933 साली पॅरिसमध्ये फ्रान्सिस फोर याने अशा सायकलवर तासाभरात 45.055 किलोमीटर अंतर कापून जुना विक्रम मोडला. झाले! पुढच्याच वर्षी आंतरराष्ट्रीय सायकल संघाने ही सायकल शर्यतीतून बादच केली. वेगवान असणे हाही कधी कधी गुन्हा ठरतो.

निशातगंजात ती चालेल का? मला शंका आहे. चढावर पेडलवर उभे राहता येत नाही. हलका गिअर टाकून हळूहळू चढायचे, आणि वेग मंदावला की तोल सांभाळणे अवघड. चालवणाऱ्याचे डोळे जेमतेम मोटारीच्या खिडकीइतक्या उंचीवर. पुढचे त्याला दिसत नाही आणि बसवाल्याला तो दिसत नाही. म्हणून तिकडे मागे काठीला झेंडा लावतात. डिसेंबर-जानेवारीत गोमतीवर धुके उतरते, तेव्हा तो झेंडाही दिसायचा नाही.

अर्थात, धुक्यात साधी उंच सायकलही सुरक्षित नसते. मागे लाल रिफ्लेक्टर नाही, दिवा नाही, अंगावर काळपट स्वेटर. ट्रकवाल्याला हा माणूस दिसणार तरी कसा? 2012 ते 2017 या काळात राज्य सरकारने लखनौत सायकलींसाठी वेगळे ट्रॅक बांधले. कल्पना उत्तम. पण सायकल हे सत्ताधारी पक्षाचे निवडणूक चिन्हही होते, त्यामुळे ट्रॅककडे वाहतुकीपेक्षा राजकारणाच्याच नजरेने पाहिले गेले. कुठे त्यावर मोटारी उभ्या राहिल्या, कुठे ठेले लागले. सरकार बदलल्यावर काही ठिकाणी ते काढूनही टाकले. चौकीदाराला कोणत्या पक्षाचा ट्रॅक याच्याशी काय कर्तव्य? त्याला दोन हात सुरक्षित जागा हवी होती.

लखनौला जाल तेव्हा कैसरबागेत भातखंड्यांनी 1926 साली उभारलेले संगीत विद्यालय पाहालच. मराठी माणसाला ते चुकत नाही. संध्याकाळी मात्र थोडा वेळ काढून या पुलावर या. परतीच्या सायकली चढ संपवून उताराला लागतात, डबे रिकामे खडखडतात आणि सकाळपासून राबलेले पाय तेवढ्यापुरते पेडलवर नुसतेच टेकलेले असतात.