गिटार गेलं कुठे?

‘मिक्सर घ्यायचाय’ म्हटल्यावर आईने जुन्याचं भांडं तपासलं. हा मिक्सर बॅण्डचा!

आमचा गिटारिस्ट कॅनडाला निघाला, म्हणून शेवटचा शो रेकॉर्ड केला. यूएसबीवाला १२ चॅनलचा अ‍ॅनालॉग मिक्सर, थेट लॅपटॉपला. शो सॉलिड झाला. घरी ऐकलं तर माझाच आवाज कानात घुसतोय आणि गिटार गायब! फंडा साधा होता. छोट्या हॉलमध्ये गिटारचा अ‍ॅम्पच एवढा दणदणतो, की मिक्सरवर त्याचा फेडर जेमतेम उघडलेला. प्रेक्षकांना ऐकू आलं, लॅपटॉपला नाही. त्यात यूएसबीतून आले फक्त २ ट्रॅक, सगळं कालवलेले. आमटीतलं मीठ परत काढणार कसं?

म्हणून चॅनल किती, यापेक्षा सुटे ट्रॅक किती मिळतात ते आधी विचारायचं. बेहरिंगरच्या एक्सआर१८मध्ये १६ माइक प्रीअ‍ॅम्प, यूएसबीवर १८ ट्रॅक. पण अंगावर एकही फेडर नाही, सगळा कारभार टॅबलेटवर. ऐन गाण्यात वाय-फाय गेलं तर? आपली नाही बुवा छाती. झूमचा एल-१२ घेतला. प्रत्येक चॅनल एसडी कार्डावर वेगळा. माइक प्रीअ‍ॅम्प आठच, म्हणजे ड्रम्सना चारच माइक. ड्रमर अजून धुसफुसतोय.

डिसेंबरात तो सुट्टीवर येतोय. त्याच्या अ‍ॅम्पसमोरचा माइक मी आत्ताच ठरवून ठेवलाय.