बारा चित्रांचा रोल

१९९४ च्या मे महिन्यात धर्मग्रामातील लहान मुलांना मी छायाचित्रण शिकवू लागलो. प्रारंभी कॅमेरा हाती दिलाच नाही. खोली काळ्या कागदाने बंद करून खिडकीला बारीक छिद्र ठेवले, तोच भिंतीवर अंगणातील माड उलटे उभे राहिले! प्रकाश सरळ रेषेत जातो, हे मग सांगणे सोपे गेले.

माझ्या जुन्या आग्फा क्लिकमध्ये रोलवर बाराच चित्रे येत. म्हणून प्रत्येकास एकच. सूर्य पाठीशी घ्या, श्वास रोखून कळ दाबा. एकाने ओट्यावरील आजी टिपली. लुगडे स्पष्ट, चेहरा पुसट. मागे मी पेन्सिलीने ‘हलले’ असे लिहून ते बाजूस ठेवले.

ऑगस्टमध्ये आजीचा अंत्यविधी मीच केला. दुसऱ्या दिवशी मुलगा चित्र मागावयास आला. मागील शब्द त्याने वाचला.

“फादर, आजी माझ्याशी बोलत होती.”